पहिल्या ताऱ्यांची समिती

तारांगणात तिला सगळे डॉक्टरबाई म्हणत. पीएच.डी. झालेली तिथे ती एकटीच होती, आणि ती कशातली हे कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे तिकीट खिडकीतली मुलगी तिला मावशीच्या गुडघ्यावर उपाय विचारायची आणि रखवालदार दर दोन महिन्यांनी आपल्या ब्लडप्रेशरचे कागद घेऊन यायचा. सुरुवातीला ती सांगायची, मी तसली डॉक्टर नाही. मग कंटाळून तिने कागद वाचायला सुरुवात केली. मीठ कमी करा म्हणायची, जिने चढा म्हणायची. रखवालदाराचं प्रेशर उतरलं. तुझ्या पदवीचा माणसाला झालेला एवढा एकच उपयोग, असं तिचा नवरा म्हणे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

आठ वर्षं तिने एकाच प्रश्नावर घालवली होती. विश्व तरुण होतं, सगळीकडे काळोख होता, तारा नावाची वस्तू अजून झालेली नव्हती. तेव्हा पहिला तारा होण्यासाठी वायू गोळा व्हायला हवा, आणि गोळा होण्यासाठी आधी गार व्हायला हवा. तो गार कसा झाला? प्रबंध झाला, दोन परिषदांत वाचून झाला, टाळ्या झाल्या. नंतर नोकरी शोधताना तिच्या लक्षात आलं की वायू गार करून देणारी बाई कुणालाच नको आहे. तारांगणाने तिला वर्षाच्या कराराने घेतलं. शाळांच्या सहलींना ग्रह दाखवायचे आणि शनीची कडी आली की थोडं थांबायचं, कारण मुलं तिथे ओरडतात.

म्हणून संचालकांनी नवा कार्यक्रम करायचं ठरवलं आणि विषय 'पहिल्या पिढीचे तारे' असा निघाला, तेव्हा तिला वाटलं, आपले दिवस आले.

संचालक आधी मत्स्यालयाचे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत तिथले मासे निम्म्यावर आले, पण उपाहारगृह दुप्पट झालं, आणि या कर्तबगारीबद्दल त्यांना आकाश देण्यात आलं. बोलायला मऊ माणूस. कुणाचंही म्हणणं खोडून काढायचं नाही, आणि शेवटी जो वजनदार त्याच्या बाजूला उभं राहायचं, एवढं एक सूत्र ते माशांकडून की माणसांकडून शिकले होते कोण जाणे.

डॉक्टरबाईंनी तीन आठवड्यांत पंचवीस मिनिटांची संहिता लिहिली. घरी सासूबाईंनी ती लाल पेन घेऊन तपासली. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. मजकूर काय आहे यात त्या पडत नसत, ऱ्हस्व-दीर्घात पडत.

"दोनच चुका आहेत," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबच्या गोष्टीत दोन म्हणजे चांगलं आहे."

"आणि वाचायला कशी वाटली, आई?"

"मला समजली. त्यामुळे तुमच्या समितीला समजेल की नाही सांगता येत नाही."

समितीत तिघं होते. अध्यक्ष अर्थात संचालक. दुसरे आद्य. त्यांचं वय शहाऐंशी. तारांगण उभं राहिलं तेव्हा बारा जणांचं मंडळ होतं. त्यातले अकरा एकेक करून गेले, आणि बाराव्याने आपल्या नावाआधी 'आद्य संस्थापक' लिहायला सुरुवात केली. अकरा जण हयात होते तोवर ते सहचिटणीस होते, हे जुन्या अहवालांत छापलेलं आहे. पण जुने अहवाल ठेवायच्या खोलीची किल्लीही आद्यांकडेच असे.

तिसरे झाकणवाले. शहरातल्या गटारांवरची, पाण्याच्या नळांवरची, केबलच्या खड्ड्यांवरची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, झाकणं त्यांच्या कारखान्यात ओतली जात. प्रत्येक झाकणावर त्यांचं नाव उठावाच्या अक्षरांत. त्यांना पायाखाली घातलं नाही असा माणूस शहरात सापडला नसता. तारांगणाला नवा प्रोजेक्टर त्यांनी दिला होता. आता त्यांना नाव जरा वरच्या बाजूला हवं होतं.

बैठक बुधवारी सकाळी झाली. खोलीत एक लांब टेबल, बिस्किटांच्या दोन बशा आणि भिंतीवर बारा संस्थापकांचा फोटो. त्यातल्या आद्यांच्या डोक्याभोवती कुणीतरी पेन्सिलने बारीक वर्तुळ काढलेलं होतं. डॉक्टरबाईंनी वाचायला सुरुवात केली.

"सुरुवातीला काहीच चमकत नव्हतं. हायड्रोजन होता, हेलियम होता आणि नावापुरतं लिथियम. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही म्हणजे?" झाकणवाल्यांनी विचारलं.

"म्हणजे कार्बन नाही, ऑक्सिजन नाही, लोखंड नाही."

"लोखंड नाही?"

"नाही."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

झाकणवाले संचालकांकडे वळले. "हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं."

"साहेब, हा कच्चा मसुदा आहे," संचालक म्हणाले. पक्क्या मसुद्यापर्यंत लोखंडाची सोय होईल, असा त्यांचा सूर होता.

"मग लोखंड येतं कधी?"

"सोळाव्या मिनिटाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिल्या ताऱ्यांच्या पोटात तयार होतं."

झाकणवाल्यांचा चेहरा थोडा उजळला. "ठीक. आणि येऊन काय करतं?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. निदान विषय बदलता आला असता. पण आठ वर्षांनी प्रथमच कुणीतरी तिला ताऱ्यांबद्दल प्रश्नामागून प्रश्न विचारत होतं, आणि त्या भरात ती सरळ बोलून गेली.

"तारा मारतं."

खोलीत बिस्कीट मोडल्याचा आवाज आला. ते संचालकांनी मोडलं होतं.

"म्हणजे मी प्रोजेक्टर दिला," झाकणवाले सावकाश म्हणाले, "आणि त्यावर तुम्ही दाखवणार की लोखंड सोळा मिनिटं नसतं, आणि येतं ते खून करायला."

"तसं नाही साहेब," संचालक म्हणाले. "डॉक्टरबाईंचा शब्द जरा टोकाचा झाला."

एवढ्यात आद्यांनी चष्मा सारखा केला. "मला पान सातवर बोलायचंय. 'पहिल्या पिढीचे तारे अवाढव्य होते, पण अल्पायुषी. वीस-तीस लाख वर्षांत संपले.' अवाढव्य ठीक आहे. अल्पायुषी हे कुणाला उद्देशून?"

"ताऱ्यांना."

"कार्यक्रमाचं नाव 'पहिली पिढी'. बाहेर फलकावर आमचा फोटो. लोक काय अर्थ घेतील?"

"आपला सूर्य हजार कोटी वर्षं जगतो, आद्यसाहेब. त्याच्या मानाने तीस लाख वर्षं म्हणजे काहीच नाही. तारा जितका मोठा तितकं त्याचं इंधन लवकर संपतं."

"आणि खाली लिहिलंय, 'स्फोट होऊन विखुरले.' आमचं मंडळ विखुरलेलं नाही. आम्ही क्रमाक्रमाने गेलो."

जे गेले त्यांच्यात आपण स्वतःला मोजलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि इतरांनी आणून दिलं नाही. संचालकांनी इतिवृत्तात दोन ठराव लिहून घेतले. एक, विश्वाच्या सुरुवातीला लोखंडाचा यथोचित उल्लेख असावा. दोन, पहिल्या पिढीच्या आयुर्मानाविषयी आदराने लिहावं. दोन्ही एकमताने मंजूर झाले. विश्वाचा प्रतिनिधी कुणी हजर नव्हता, आणि जी होती तिचा वार्षिक करार पुढच्या शुक्रवारी नव्याने व्हायचा होता.

डॉक्टरबाईंनी दोन्ही ठराव उतरवून घेतले. याचं तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटलं, पण त्या वेळी तिने मान हलवली, कागद गोळा केले, आणि जाताना एक बिस्कीटही घेतलं.

नवा मसुदा लिहिताना तिने पळवाट काढली. वाक्य असं केलं: 'सुरुवातीला काळोख होता, आणि त्या काळोखात कुठेतरी लोखंडाचं स्वप्न होतं.' स्वप्नाला कुणी पुरावा मागत नाही, असा तिचा हिशेब. संचालकांनी ते मान डोलावत वाचलं, फार काव्यमय झालंय म्हणाले, आणि 'चं स्वप्न' एवढं खोडलं. राहिलं ते असं: 'त्या काळोखात कुठेतरी लोखंड होतं.' पहिले तारे 'दीर्घकाळ तळपले'. स्फोटाच्या जागी 'त्यांनी आपला वारसा पुढच्या पिढीच्या हाती सोपवला' असं आलं, आणि पडद्यावर स्फोटाऐवजी एक सोनेरी पट्टा हळूच पसरत जाई, निरोप समारंभातल्या शालीसारखा.

हे सगळं तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झालं. तिचा आवाज चांगला होता. खोटंसुद्धा त्यात खरं वाटायचं, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

सासूबाईंनी सुधारित मसुदा वाचून परत दिला. लाल खूण एकही नव्हती. फक्त पहिल्या पानाच्या कडेला लिहिलं होतं: 'मागच्या वेळी लोखंड नव्हतं. खरं कोणतं?'

"मागचं," ती म्हणाली.

"मग हे?"

"हे समितीचं आहे, आई."

"शुद्धलेखन अगदी बरोबर आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "त्याचंच जास्त वाईट वाटलं." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

उद्घाटनाआधी एक खासगी खेळ ठेवला होता, मंगळवारी सकाळी अकराला. झाकणवाले कारखान्यातली चाळीस माणसं बसमधून घेऊन आले. माझ्या माणसांना बघू दे, मी काय दिलंय ते, असं त्यांनी संचालकांना सांगितलं. माणसं कामाच्या कपड्यांतच होती आणि मऊ खुर्च्यांवर जपून बसत होती. पुढच्या रांगेत भट्टीचा फोरमन बसला. तीस वर्षं वितळलेल्या बिडासमोर उभं राहून त्याच्या भुवया जळून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, आणि त्यामुळे तो कायम काहीतरी ऐकून चकित झाल्यासारखा दिसायचा.

खेळ झाला. काळोखात लोखंड होतं. तारे दीर्घकाळ तळपले. शाल पसरली. दिवे लागले आणि माणसांनी मालकाकडे पाहत टाळ्या वाजवल्या.

"कुणाला काही प्रश्न?" संचालकांनी विचारलं. असा प्रश्न कसा विचारायचा की कुणी हात वर करणार नाही, हे त्यांना चांगलं जमायचं. पण फोरमनला त्यातली खोच समजली नाही. तो उभा राहिला.

"ते पहिलं लोखंड कुठल्या भट्टीत झालं?"

"ते आधीपासून होतं," संचालक म्हणाले.

"आधीपासून लोखंड नसतं साहेब. आमच्याकडे मोडीत आलेलं येतं, तेही कुठूनतरी आलेलं असतं. काळोखात पडलेलं होतं म्हणता, तर कुणी टाकलं?"

मागे दोन-तीन जण हसले. संचालकांनी रुमाल काढला. "आमच्या डॉक्टरबाई तज्ज्ञ आहेत. त्या सांगतील." त्यांच्या सुरात विनवणी होती आणि डोळ्यांत शुक्रवार होता.

डॉक्टरबाई यंत्राच्या टेबलाशी उभ्या होत्या. हातात माईक. करार, समिती, नवऱ्याचं घराचं कर्ज, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढून गेलं. आणि त्या ओळीच्या शेवटी, का कोण जाणे, लाल पेन आलं.

"लोखंड नव्हतं," ती म्हणाली. "मी चुकीचं वाचलं."

"मग?"

"तारा हीच भट्टी. पहिल्या ताऱ्यांत हायड्रोजन आणि हेलियम, एवढाच माल होता. हायड्रोजन जाळून हेलियम केला. तो संपत आला की हेलियम जाळून कार्बन, मग ऑक्सिजन, मग त्यापुढचं. प्रत्येक वेळी भट्टी आधीपेक्षा तापते आणि माल आधीपेक्षा जड होतो. असं करत लोखंडापर्यंत."

"आणि पुढं?"

"पुढे नाही. लोखंडापर्यंत प्रत्येक पायरीवर उष्णता सुटते. लोखंडातून काही सुटत नाही, उलट घालावी लागते. ताऱ्याच्या पोटात लोखंड साचलं की आतली भट्टी थंडावते. वरचा भार पेलायला खाली काही उरत नाही. लाखो वर्षं उभा असलेला तारा, त्याचा गाभा एका सेकंदात कोसळतो, आणि बाकीचा फुटून बाहेर फेकला जातो. शाल वगैरे काही नसते."

फोरमनने हे सगळं मान न हलवता ऐकलं. मग तो मालकाकडे वळला आणि पाळी संपल्यावर अहवाल द्यावा तशा आवाजात म्हणाला, "म्हणजे साहेब, एवढ्या मोठ्या ताऱ्यालाही लोखंड जाळता आलं नाही."

झाकणवाल्यांनी हाताची घडी सोडली. "परत सांग."

"जाळता आलं नाही म्हणतात बाई. बाकी सगळं जाळलं. लोखंडापाशी अडकला."

"किती मोठा होता तारा?" हे त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं.

"सूर्याच्या दहापट तर सहज. काही शंभरपटही असतील."

"सूर्याच्या शंभरपट," झाकणवाले म्हणाले. ते उठून उभे राहिले आणि वर रिकाम्या पांढऱ्या घुमटाकडे पाहू लागले. "आणि माझ्या मालापुढे त्याने हात टेकले. संचालक, हे मला आधी का नाही सांगितलं?"

बुधवारी सांगितलं होतं. पण संचालकांचा रुमाल तोवर खिशात परत गेला होता आणि चेहऱ्यावर मत्स्यालयाच्या दिवसांतली मऊ चकाकी आली होती.

"साहेब, हाच तर आपला मूळ विचार," ते म्हणाले. "मधल्या मसुद्यात डॉक्टरबाईंनी तो थोडा सौम्य केला होता."

माणसं उठायला लागली, पण फोरमन अजून उभाच होता. "बाई, अजून एक. ही भट्टी पेटायच्या आधी तो वायू गोळा कसा झाला? गरम वायू फुगतो. फुगणारी वस्तू आपणहून आकसते कशी? आधी गार व्हायला पाहिजे ना?"

डॉक्टरबाईंच्या हातातला माईक थोडा खाली आला. हा प्रश्न तिला आजवर कुणी आपणहून विचारला नव्हता. परीक्षकांनी विचारला होता, पण तिच्याच प्रबंधाच्या पहिल्या पानावरून वाचून.

"तोच तर," ती म्हणाली, आणि माईक पुन्हा वर घेतला. तेवढ्यात बसवाल्याने हॉर्न दिला. पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती.

"या कधीतरी कारखान्यात," फोरमन जाता जाता म्हणाला. "गार करायचं काम आमचं रोजचंच आहे."

शुक्रवारी करारावर सही झाली. संचालकांनी स्वतःच्या पेनने करायला लावली.

सोमवारी आद्य तिच्या टेबलाशी आले. समितीच्या बैठकीशिवाय ते कधी कुणाच्या टेबलाशी जात नसत, म्हणून ती उभी राहिली. त्यांनी तिला बसायची खूण केली आणि स्वतः मात्र काठी धरून उभेच राहिले.

"ऐकलं, तारे पुन्हा अल्पायुषी झाले."

"हो. मला बदलता येत नाही ते."

"मी बदला म्हणत नाही. विचारायला आलोय. सगळेच्या सगळे गेले? एखादा टिकला नसेल?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा करत नव्हते ते. "शक्यता आहे," ती म्हणाली. "काही अभ्यासक मानतात. त्या पिढीत एखादा लहान तारा झाला असेल, तर तो अजूनही जळत असेल. सूर्यापेक्षा लहान हवा, आणि मंद. मोठे सगळे संपले. टिकायचं तर किरकोळच असायला लागतं."

बोलून झाल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. आद्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर बारा जणांचा फोटो नव्हता, पण त्यांची नजर कुठेतरी तिथेच गेलेली असावी.

"किरकोळ हा शब्द काढा," शेवटी ते म्हणाले.

"बरं."

"लहानही काढा. मंद काढाच."

"मग काय राहतं, आद्यसाहेब?"

"टिकलेला राहतो."

तिने कागदावर वाक्य लिहून त्यांना दाखवलं: 'त्या पिढीतला एखादा टिकलेला तारा आजही आकाशात असू शकेल. अजून तरी तो सापडलेला नाही.' तिला वाटलं, दुसरं वाक्य ते खोडतील. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला.

"सापडलेला नाही, हे असू दे," ते म्हणाले. "म्हणजे लोक शोधतील." आणि काठी टेकत निघून गेले.

उद्घाटन थाटात झालं. खुर्च्या कमी पडल्या. झाकणवाल्यांना स्फोट इतका आवडला की तो तीन वेळा दाखवायचं ठरलं, दोनदा वेगात आणि एकदा सावकाश. लोखंडाला एकूण नऊ मिनिटं मिळाली. 'या धातूपुढे तारेही हरले' हे वाक्य त्यांच्या आग्रहाने दोन ठिकाणी आलं. ते खरं होतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. आता एवढी मिनिटं कुठूनतरी आणायला हवी होती. संचालकांनी ती वायू गार होण्यातून काढली. तिथे चार मिनिटं होती.

"काळोखात वायू गार होतो, यात बघण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले होते.

"पण त्याशिवाय तारे होतच नाहीत."

"मग होतात असं म्हणा."

म्हणून तिने म्हटलं: 'मग वायू गार झाला आणि तारे जन्मले.' आठ वर्षांचे सात शब्द झाले. लोखंडाचं खोटं खरं करता करता ताऱ्यांच्या जन्माची जागा गेली, आणि हे इतकं सभ्यपणे झालं की कुणावर रागवावं तेही तिला समजेना.

बाहेर फलक लागला. संकल्पना: संचालक. मार्गदर्शन: आद्य. प्रेरणा: झाकणवाले. सगळ्यात खाली, 'ध्वनियोजना आणि इतर' या मथळ्यात, विजेची कामं करणाऱ्याच्या नावानंतर 'आवाज' म्हणून डॉक्टरबाईंचं नाव होतं. सासूबाईंनी फलक वाचला, पर्स उघडली आणि लाल पेन शोधू लागल्या. नवऱ्याने त्यांना हाताला धरून चहाच्या टेबलाकडे नेलं.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्यात गेली. कुणाला न सांगता. फोरमन भट्टीपासून थोडं दूर, वाळूच्या साच्यांशेजारी बाकावर डबा खात बसला होता. त्याने हात धुतले, बाक पुसला आणि म्हणाला, "हां. वायू."

ती बोलायला लागली. एकट्या हायड्रोजनच्या अणूला उष्णता बाहेर टाकता येते, पण ती काही हजार अंशांपर्यंत. त्याखाली त्याचा नाइलाज होतो. दोन अणू जोडीने आले, रेणू झाला, की तो रेणू आणखी थोडी उष्णता प्रकाशावाटे बाहेर टाकतो. पण असे रेणू फार थोडे, काही हजार अणूंमागे एखादा. तेवढ्यांनी मिळून सगळा ढग गार करायचा.

"म्हणजे काम करणारे दोन आणि गरम होऊन बसलेले हजार," फोरमन म्हणाला.

"तसंच. त्यामुळे ढग पुरता गार झालाच नाही. आकसायला लागला तो फार मोठा गोळा असेल तरच. म्हणून पहिले तारे एवढे अवाढव्य. त्यांना मोठं व्हायची हौस नव्हती, लहान होता येत नव्हतं."

फोरमन उठला. मोडीच्या ढिगातून त्याने धातूच्या दोन जाड कांड्या काढल्या, एकेक ऐरणीच्या कडेवर ठेवली आणि घणाने मोडली. मोडलेली तोंडं त्याने तिच्यापुढे धरली. एकात दाणे मोठे, काचेच्या तुकड्यांसारखे, वेडेवाकडे. दुसऱ्यात बारीक, साखरेसारखे एकसारखे.

"हा नुसताच ओतला, सावकाश गार झाला," तो म्हणाला. "याच्यात ओतताना चिमूटभर भुकटी टाकली. माल तोच. चिमटीने फरक पडतो."

"अगदी तसंच नाही," ती म्हणाली. सवयीने म्हणाली. मग तिने दोन्ही तुकडे हातात घेऊन उजेडात धरले. "पण पहिले तारे फुटले तेव्हा त्यांच्या पोटातला माल आजूबाजूच्या वायूत मिसळला. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड. अगदी थोडा, चिमूटभरच. त्याने पुढचे ढग चांगले गार झाले, म्हणून पुढचे तारे लहान झाले. आपल्या सूर्यासारखे. टिकणारे."

"म्हणजे पहिल्यांनी भुकटी केली आणि मेले. वापरली दुसऱ्यांनी."

"हो."

"आमच्याकडंही तसंच आहे," फोरमन म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं. "हे तुमच्या खेळात का नाही? मी काल मुलीला घेऊन परत बघून आलो. गार होण्याचं कधी आलं नि गेलं, कळलंच नाही."

"वेळ नव्हता."

"लोखंड नऊ मिनिटं होतं."

"लोखंड तुमच्या साहेबांचं आहे."

तो हसला नाही. म्हणाला, "मग असं करा, पुढच्या शनिवारी या. ओतकामावरची पोरं असतात या वेळी. त्यांना सांगा. ती रोज हेच करतात आणि त्यांना वाटतं नुसती झाकणं होताहेत."

ती येईन म्हणाली. मग विचारलं, हे दोन तुकडे नेऊ का? फोरमन म्हणाला, न्या, पण गेटवर पास लागेल.

गेटवरच्या माणसाने पासांची मोठी वही काढली, कार्बनचा कागद घातला आणि तुकडे उलटेपालटे करून पाहिले.

"वस्तू?"

"मोडलेल्या कांड्या. दोन तुकडे."

"नेण्याचं कारण?"

"पहिले तारे एवढे मोठे का झाले आणि नंतरचे लहान का, ते दाखवायला."

त्याने पेन कागदाला टेकवलं, रकान्याची रुंदी पाहिली आणि पुन्हा उचललं. "एवढं मावत नाही बाई," तो म्हणाला, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: भंगार. शिक्का मारला, वही तिच्याकडे फिरवली. तिने सही केली.